घरातून बाहेर जाणारी रेघ

नाहिदला कुणी दरडावून काही विचारलं, की ती हातातलं काम खाली ठेवते, समोरच्याकडे पूर्ण वळते आणि मगच उत्तर देते. ही तिची लहानपणापासूनची सवय. कळमनुरीला तिचे वडील मोहियोद्दीन विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वाइंडिंग करून देतात. दुकानात एखादा शेतकरी आरडाओरडा करायला लागला, की ते मान खाली घालून तार गुंडाळत राहायचे. फ्रॉकमधली नाहिद मात्र दारात येऊन म्हणायची, "वरडून मोटार लौकर भरत न्हाई, काका." वडील तिला रागावून आत पिटाळायचे, पण त्यांना मनातून बरं वाटायचं.

तिनं हिंगोलीला जाऊन-येऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि वारंगा फाट्यावर विजयकुमारच्या इंटरनेट कंपनीत नोकरी धरली. कंपनी कसली, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली ट्रकांची चाकं खोलण्याची ठोकाठोक चालू, आणि वर आसपासच्या गावांत गेलेल्या तारांची सगळी सूत्रं. कामाला लाइनमन हिरासिंग आणि त्याच्या हाताखालची दोन माणसं. नाहिदला घेतलं ते फोन उचलायला. फोन उचलायचा, शिव्या ऐकायच्या आणि "माणूस पाठवतो" म्हणायचं. गावातलं नेट बंद पडलंय ते कुठं, कशानं, हे ऑफिसात कुणालाच कळत नसे. हिरासिंग मोटारसायकलला किक मारायचा आणि खांबामागून खांब बघत जायचा.

नाहिदला शिव्यांचं फारसं काही वाटत नव्हतं. आपल्याला उत्तर माहीत नाही, याचं वाटायचं.

इंटरनेटची जी यंत्रं असतात, ऑफिसातला मोठा डबा, गावोगावचे स्विच, त्यांच्या पोटात उत्तर द्यायला तयार असा एक छोटा प्रोग्राम बसवलेलाच असतो. ठरलेल्या भाषेत त्याला विचारलं की तो सांगतो: मी चालू आहे, माझी अमुक तार सुटली आहे, या तोंडातून एवढा डेटा आत आला, एवढा बाहेर गेला. या भाषेला एसएनएमपी म्हणतात. विजयकुमारच्या यंत्रांना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. नाहिदनं अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर पुसून घेतला, त्यावर फुकट मिळणारा प्रोग्राम चढवला आणि दर पाच मिनिटांनी तो सगळ्या यंत्रांना हाक मारील अशी व्यवस्था केली. उत्तर आलं की नकाशावर त्या गावाचा ठिपका हिरवा, नाही आलं की लाल.

सुरुवातीला सगळे हसले. हिरासिंग म्हणाला, "ताई, खांबावर म्या चढतो, आन तुमी टीव्ही बघता." पुढं एकदा तो भर उन्हात एका गावाकडं निघालेला असताना नाहिदनं त्याला फाट्यावरच थांबवलं. "तार चांगली हाय हिरासिंगभाऊ. बंद पडता पडता यंत्रानंच कळवलं, तिकडची लाइट गेली, बॅटरी बी संपली. ती आली की आपोआप चालू व्हईल." आणि झालंही तसंच. त्या दिवसापासून हिरासिंग खांबावर चढण्याआधी तिला फोन करू लागला.

चुकाही झाल्या. एकदा कळमनुरीची लाइन संध्याकाळच्या गर्दीत जवळजवळ रिकामी दिसायला लागली, आणि लोक तर ओरडत होते की नेट चालत नाही. तिनं दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी कळलं की आपण वाचतोय तो यंत्रातला मोजायचा आकडाच लहान आहे. तो भरला की परत शून्यावर जातो, आणि आपण पुन्हा विचारेपर्यंत कितीदा तरी भरून रिकामा होतो. तिनं मोठा आकडा वाचायला लावला. लाइन खरोखरच गच्च भरलेली निघाली. मग तिनं विजयकुमारच्या मागं लागून ती वाढवून घेतली.

आणखी एक गोष्ट तिनं पहिल्याच आठवड्यात केली होती. ही यंत्रं कारखान्यातून येतात तेव्हा त्यांना प्रश्न विचारायचा परवलीचा शब्द सगळ्यांचा एकच असतो आणि तो साऱ्या जगाला ठाऊक असतो. तिनं तो बदलला.

"काहून बदलला?" विजयकुमारनं विचारलं होतं. "आपल्या डबड्यांत डोकवायला कोन येऊन राहिलं?"

विजयकुमार माणूस वाईट नव्हता. पूर्वी केबल टीव्हीचा धंदा करायचा. लोकांना काहीतरी दाखवून चकित करायची हौस त्याच्या अंगात मुरलेली होती. नाहिदचा नकाशा चालायला लागल्यावर त्यानं भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि फाट्यावर ओळखीचं कुणी दिसलं की त्याला जिना चढवून वर आणू लागला. चहा मागवायचा आणि माउस हातात घेऊन गावं उघडून दाखवायचा. गावाच्या आत घरं होती. बिघाड लवकर सापडावा म्हणून नाहिदनं प्रत्येक घराच्या जोडणीला घरमालकाचं नाव दिलेलं होतं.

धामणखेडचे दगडोबा असेच एकदा ट्रॅक्टरचं टायर घ्यायला आले होते. गावाचे माजी सरपंच. गावात शिरणारी तार त्यांच्याच शेतातल्या खांबावरून गेलेली, आणि निम्म्या गावानं नेट घेतलं ते त्यांच्या शब्दावर. विजयकुमारनं त्यांना वर आणून खुर्चीत बसवलं.

"काका, तुमच्या घरचं बी दाखवतो," असं म्हणून त्यानं बटण दाबलं.

टीव्हीवर दोन रेघा उमटल्या. निळी रेघ घरात येणाऱ्या डेटाची. ती सकाळी आडवी पडलेली आणि संध्याकाळी फुगलेली, चार घरांची असते तशीच. दुसरी नारिंगी, घरातून बाहेर जाणाऱ्या डेटाची. ती बहुतेक घरांत जमिनीलाच चिकटलेली असते. दगडोबांच्या घरात मात्र ती रोज दुपारी वर चढत होती आणि उन्हं कलली की खाली येत होती.

"ही कशाची?" दगडोबांनी विचारलं.

"ही घरातून बाहेर जाणारी."

"दुपारी तर आमी समदे शेतात असतो. पोरगं पुण्याला." दगडोबांची कपबशी हातात तशीच राहिली. "दुपारी घरी सूनबाई असती एकली."

विजयकुमारच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेली नाहिद त्या नारिंगी रेघेकडं बघत होती. तुटलेली तार सापडावी म्हणून तिनं हे उभं केलं होतं, आणि आता त्यातून एका घरातली एकटी बाई दिसायला लागली होती.

"माह्या घरातून बाहेर काय जाऊन राहिलं?" दगडोबांनी तिच्याकडं वळून विचारलं. "पोरी, तू सांग. हे तूच केलं म्हने समदं."

नाहिदनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "ह्यात फकस्त किती ते कळतं, काका. काय ते न्हाई कळत. पाण्याचं मीटर किती पाणी गेलं ते दाखवतं. तुमी भांडी घासली का आंघोळ केली, त्याला काय म्हाईत?"

"मंग काय ते कशानं कळंल?"

"सुनंला इचारा की."

"सुनंला काय इचारायचं?" दगडोबा उठले. टायर खालीच टाकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी विजयकुमार आला तो दार लोटूनच. दगडोबांनी सांगून ठेवलं होतं: सून कुणाशी बोलते, काय पाठवते, ते चार दिवसांत कळलं पाहिजे, नाहीतर खांबावरची तार काढून घ्या.

"नाहिद, मला फिरवू नको. तुझ्या त्या मीटरात कळत न्हाई, हे मला बी समजतं. पण मोठ्या राउटरवर कळतं. घरातून कोणत्या साइटला गेले, कोणत्या ॲपला, ते निघतं. येतं का न्हाई तुला?"

खोटं बोलणं सोपं होतं. येत नाही म्हणाली असती तर विषय तिथंच संपला असता. हिरासिंग दारात तारेचं भेंडोळं घेऊन उभा होता, त्यालाही वाटलं की आता ही तसंच म्हणेल.

"येतं," नाहिद म्हणाली. "करणार न्हाई."

"काहून?"

"त्या बाईनं काय माझ्याकडं तक्रार केली न्हाई, का तिची तार तुटली न्हाई. मी तिच्या घरात काहून शिरू?"

"कनेक्शन दगडोबाच्या नावावर हाय!"

"कनेक्शन त्यांच्या नावावर हाय. सून न्हाई."

विजयकुमार लाल झाला. नोकरी कुणाची, यंत्रं कुणाची, पासवर्ड कुणाचे, सगळं बोलून झालं. नाहिदनं ऐकून घेतलं. मग तिनं एक कागद ओढला, त्यावर पासवर्ड लिहिला आणि कागद त्याच्यापुढं सरकवला.

"यंत्रं तुमची, पासवर्ड बी तुमचा. घ्या. नांदेडहून मानूस आना आन बघा काय बघायचं ते. पन त्याच्या आधी मी धामणखेडच्या समद्या गिऱ्हाइकांला फोन करते. सांगते, आजपासून तुमच्या घरी कोन काय बघतं ते विजयभाऊ बघणार हायत. लपवून कशाला करायचं? बराबर हाय न?"

आणि तिनं खरंच फोन उचलला. नंबर लावला. पलीकडं घंटी वाजायला लागली तसा विजयकुमारनं फोन तिच्या हातातून हिसकला आणि बंद केला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. उद्या ही गोष्ट तालुक्यात फिरली तर एक घर कनेक्शन ठेवणार नाही, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. त्यानं कागदाचे तुकडे केले आणि जिना उतरला.

तो गेल्यावर नाहिदनं पहिलं काम काय केलं, तर घरांची नावं काढली. नावांच्या जागी नुसते क्रमांक टाकले. तक्रार आली तर फोन करणाऱ्यानंच आपला क्रमांक सांगावा. घरातल्या नेटच्या डबीच्या पाठीवर तो छापलेला असतोच. मग तिनं भिंतीवरच्या टीव्हीवर फक्त गावांचे ठिपके ठेवले. संध्याकाळी काळी-पिवळी जीपमध्ये बसून ती कळमनुरीला निघाली. मनात भीती होती, पण भीतीपेक्षा राग जास्त होता.

घरी वडिलांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "नोकरी गई तो?"

"तो दुसरी ढूँढूँगी, अब्बा."

"हां," ते म्हणाले, "पर खुद होके मत छोड. निकालना है तो उनो निकालेंगे."

चार दिवस उलटले आणि एका सकाळी धामणखेडचा ठिपका लाल झाला. हिरासिंग जाऊन आला. दगडोबांच्या शेतातल्या खांबाखाली तार दोन तुकडे होऊन पडली होती, कोयत्याचा घाव स्वच्छ दिसत होता. दगडोबा बांधावरच बसलेले होते. त्यांनी हिरासिंगला खांबाला हात लावू दिला नाही.

फोन वाजायला लागले. ऑनलाइन फॉर्म भरायचे होते, कुणाची परीक्षा होती, बँकेचे पैसे काढून देणाऱ्या मुलाचं मशीन बंद पडलं होतं. विजयकुमार म्हणाला, "सांग, फाट्यावरच बिघाड हाय म्हणून. मी दगडोबाची समजूत काढतो."

"मी खोटं सांगणार न्हाई," नाहिद म्हणाली, आणि पुढचा फोन उचलून सांगू लागली, "तार तुटली न्हाई, कापली हाय. दगडोबाकाकांच्या शेतात. आमी जोडायला तयार हाव, आमाला जोडू देईना झालेत. काहून, ते त्यांलाच इचारा."

दुपारपर्यंत निम्मं गाव दगडोबांच्या ओट्यासमोर जमलं. पुढं काय झालं ते हिरासिंगनं येऊन सांगितलं. तो तिथंच एका झाडाखाली तार घेऊन बसला होता. दगडोबा म्हणाले, कंपनीला सगळं दिसतं आणि ती पोरगी सांगायला तयार नाही, म्हणून तार कापली. गावात सरकारी दवाखान्याच्या आशाताईचं काम करणाऱ्या निर्मलाबाई पुढं आल्या.

"म्हंजी तिनं सांगाया पायजेल व्हतं? आज तुमच्या सुनंचं सांगितलं, तर उद्या माह्या घरचं सांगंल. मंग ह्या समद्यांच्या घरचं सांगंल. चालंल का रे तुमाला?" त्यांनी ओट्यापुढच्या तरण्या पोरांकडं आणि त्यांच्या बापांकडं एकेक करून पाहिलं.

घाई झाली ती पुरुषांना. रात्री मोबाइलवर कोण काय बघतो ते ज्याचं त्याला ठाऊक. एकजण म्हणाला, कंपनीनं कुणाच्या घरात बघू नये हेच बरोबर. दुसऱ्यानं त्याची री ओढली. पाहता पाहता सगळे नाहिदच्या बाजूनं बोलू लागले, आणि जे सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते त्यांच्या तोंडाकडं बघून निर्मलाबाईंना हसू लपवायला पदर तोंडाला लावावा लागला. दगडोबा एकटे पडले. ते म्हणाले, "जोडा. पन माह्या घरची तार जोडायची न्हाई."

हिरासिंगनं ऊन उतरायच्या आत तार जोडली. एक घर सोडून.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी एक बाई ऑफिसचा जिना चढून वर आली. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, चेहरा उन्हानं तापलेला. दारातच उभी राहून म्हणाली, "नाहिदताई कोण?"

"मी."

"मी कोमल. धामणखेडची. दगडोबांची सून."

नाहिदनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. कोमलनं एका दमात पेला रिकामा केला आणि म्हणाली, "बाजाराला चालले म्हणून निघाले. माझ्यापायी गावात भांडणं झाली. तुमची नोकरी जाणार व्हती म्हणे. म्हणून तुमाला तरी सांगायला आले, मी दुपारी काय..."

"थांबा," नाहिद म्हणाली.

कोमल गोंधळली. "वाईट काही न्हाई, ताई."

"तेच मला ऐकायचं न्हाई. चांगलं हाय म्हणून मी गप बसले नव्हते. मला सांगितलं, म्हंजी मला पटावं लागंल. मला कशाला पटाया पायजे? मी कोन?"

कोमल तिच्याकडं बघत राहिली. तिनं पदर सारखा केला. "मामंजी रोज इचारतात आता. वरडून इचारतात. मी बी ठरवलं हाय. वरडून इचारलं तर सांगणार न्हाई."

"नगा सांगू."

"घरची डबी बी मामंजींनी काढून टाकली. मी निर्मलाकाकूंच्या घरी जाऊन बसते दुपारची. मामंजी म्हणले, पाय तोडीन. म्हणलं, तोडा."

एवढं बोलून ती पहिल्यांदा हसली, आणि तिच्याबरोबर नाहिदही. चहा घेऊन कोमल निघाली. जाताना तिनं भिंतीवरच्या टीव्हीकडं पाहिलं. त्यावर गावांचे हिरवे ठिपके तेवढे होते.

नाहिदची नोकरी टिकली. विजयकुमार महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला. पाहुण्यांना वर आणणं त्यानं बंद केलं. मग एकदा शेजारच्या तालुक्यातला एक नेटवाला ऑफिसात आला आणि हसत म्हणाला की, गावातले मोठे लोक घरातल्या पोरीबाळींवर लक्ष ठेवायला सांगतात, चार पैसे जास्त देतात, तुम्ही करता का? विजयकुमारनं नाहिदकडं पाहिलं. तिनं हेडफोन काढून खाली ठेवायला सुरुवात केली होती.

"न्हाई," तो घाईनं म्हणाला. "आमच्याकडं चालत न्हाई ते." हे ऐकून नाहिदनं हेडफोन परत कानाला लावला.

दगडोबांची आणि तिची गाठ पुढं कळमनुरीच्या आठवडी बाजारात पडली. ती भाजी घेत होती. ते समोर येऊन उभे राहिले. मधल्या काळात थोडे वाळल्यासारखे दिसत होते.

"अजून बी सांगणार न्हाईस?"

"न्हाई, काका."

"सून सांगत न्हाई, तू सांगत न्हाई. म्या आता करावं काय?" आवाजात जोर होता, पण पूर्वीचा नव्हता.

"वरडत इचारलं का?"

दगडोबांनी बाजूच्या पालावरचे कांदे उगाच हातात घेऊन खाली ठेवले. "परवा जरा दमानं इचारलं," ते म्हणाले. "तर म्हणली, सांगते, पन मोठी गोष्ट हाय, तुमी आधी माह्यासमोर बसा."

"मंग? बसले का?"

सुनेसमोर बसून तिचं ऐकायचं, ही गोष्ट दगडोबांनी उभ्या जन्मात केली नव्हती. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि एसटी स्टँडची वाट धरली. नाहिदनं त्यांना हाक मारली नाही. बसायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं होतं. तिनं मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहिली, भाजीवालीला म्हणाली, "ही नगं मावशी, मागून शिळी दिसून राहिली, ताजी द्या," आणि ताजी मिळेपर्यंत तिथून हलली नाही.